अँटिऑक्सिडंट फळे : पेल्यात किती, रक्तात किती?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एल्डरबेरी आणि तिच्यासारख्या गडद रंगाच्या फळांविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : एल्डरबेरीच्या पाकाच्या बाटलीवर ‘संत्र्याहून कित्येक पट अधिक अँटिऑक्सिडंट शक्ती’ असे छापलेले मी वाचले. रोज दोन चमचे पाक घेतल्यास शरीरातील मुक्तमूलक खरोखरच तेवढ्या पटीने कमी होतात का?

उत्तर : होत नाहीत. मुक्तमूलक म्हणजे शेजारच्या रेणूंवर आघात करणारे अस्थिर रेणू, आणि त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. बाटलीवरचा आकडा बहुधा खोटा नसतो. पण तो शरीराबाहेर मोजलेला असतो आणि माणसाच्या रक्तात काय घडते याविषयी त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही.

एल्डरबेरी हे मूळचे युरोपातले झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव साम्बुकस नायग्रा आहे. त्याला घोसांनी लागणारी वाटाण्याएवढी काळपट जांभळी फळे अँथोसायनिन या गटातील रंगद्रव्यांनी गच्च भरलेली असतात. सायनिडिन या रेणूला साखर जोडली जाऊन बनलेली दोन संयुगे त्यांत प्रमुख आहेत. प्रयोगशाळेत या रंगद्रव्यांचा अर्क मुक्तमूलकांच्या संपर्कात आणला, की ती स्वतःजवळचा हायड्रोजन सहज देऊन टाकतात आणि मूलकांची आक्रमकता संपते. ही क्षमता आकड्यांत मांडण्यासाठी १९९०च्या दशकात ‘ओरॅक’ नावाची चाचणी पुढे आली. चमकणाऱ्या रंगाच्या द्रावणात मुक्तमूलक निर्माण करणारे रसायन घातले, की मूलकांच्या माऱ्याने चमक हळूहळू विझत जाते. अन्नपदार्थाचा अर्क ती चमक किती वेळ टिकवून धरतो, यावरून त्या पदार्थाला गुण मिळतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा गुणांचा मोठा तक्ता २००७ मध्ये प्रसिद्ध केला, २०१० मध्ये तो वाढवला आणि २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढूनच टाकला. या गुणांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध जोडता येत नाही आणि उत्पादक मात्र जाहिरातींसाठी त्यांचा गैरवापर करतात, असे कारण खात्याने स्वतःच दिले होते. तक्ता गेला, तरी आकडे बाटल्यांवर राहिले ते राहिलेच.

आता चमच्यातला पाक पोटात गेल्यावर काय होते ते पाहू. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात चार वृद्ध स्त्रियांना एल्डरबेरीचा १२ ग्रॅम अर्क देण्यात आला. त्यात ७२० मिलिग्रॅम अँथोसायनिने होती, म्हणजे नेहमीच्या आहारातून दिवसभरात मिळतात त्यांच्या कितीतरी पट. त्यानंतर ठरावीक वेळाने त्यांचे रक्त तपासले गेले. साधारण ७१ मिनिटांनी अँथोसायनिनांचे प्रमाण शिगेला पोचले, तेव्हाही ते रक्तद्रवाच्या एका लिटरमागे जेमतेम ९७ नॅनोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक, आणि नॅनोमोल हा त्याचा अब्जांश) होते, आणि पुढे दर सव्वादोन तासांच्या सुमारास ते निम्म्यावर येत गेले. फळाचा मूळ रेणू न बदलता माणसाच्या रक्तात उतरू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. मात्र तो किती उतरतो, हेही त्याच प्रयोगाने दाखवले.

या ९७ नॅनोमोलांच्या शेजारी रक्तात आधीपासून असलेले साठे मांडून पाहावेत. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात यूरिक आम्ल लिटरमागे साधारण २०० ते ४०० मायक्रोमोल असते आणि क जीवनसत्त्व ५० मायक्रोमोलांच्या आसपास असते. एक मायक्रोमोल म्हणजे एक हजार नॅनोमोल. तेव्हा मुक्तमूलकांना निष्प्रभ करू शकणारे एकटे यूरिक आम्लच एल्डरबेरीच्या रंगद्रव्यांच्या दोन ते चार हजार पट भरते. पेशींच्या आत ग्लुटाथायोन हे शरीराने स्वतःच बनवलेले अँटिऑक्सिडंट असते, ते तर मिलिमोलांच्या, म्हणजे हजार-हजार मायक्रोमोलांच्या, हिशेबात मोजावे लागते. शिवाय कॅटॅलेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज यांसारखी एन्झाइमे स्वतः खर्ची न पडता अव्याहत काम करीत असतात. एवढ्या साठ्यात दोन चमचे पाकातून येणारी भर म्हणजे दर्यामें खसखस.

प्रश्न : सफरचंद खाल्ल्यानंतर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली प्रत्यक्ष मोजली गेली आहे, असे मी वाचले आहे. मग फळांतील अँटिऑक्सिडंट रक्तात पोचत नाहीत, असे कसे म्हणता येईल?

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे आणि मोजमापातही काही चूक नाही. ही वाढ कशामुळे होते, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर फार मौजेचे आहे.

अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या लायनस पॉलिंग संस्थेतील सिल्विना लोटिटो आणि बाल्झ फ्राय यांनी २००४ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी सहा निरोगी व्यक्तींना एका वेळी पाच सफरचंदे, म्हणजे साधारण एक किलो, खायला दिली. रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता अपेक्षेप्रमाणे वाढली. पुढे त्याच व्यक्तींना निराळ्या दिवशी सफरचंदांऐवजी तेवढ्याच सफरचंदांत असते तितकी, म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम, फळसाखर पाण्यात विरघळवून दिली. तिच्यात वनस्पतिजन्य अँटिऑक्सिडंट औषधालाही नव्हते, तरीही रक्ताची क्षमता तशीच वाढली. यकृत फळसाखरेवर प्रक्रिया करते तेव्हा पेशींचे इंधन असलेले एटीपी झपाट्याने खर्च होते, त्याचे अवशेष मोडत मोडत यूरिक आम्लापर्यंत जातात आणि ते रक्तात येते. चाचणीला जी क्षमता दिसली ती मुख्यतः या यूरिक आम्लाची होती. एखादे फळ खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांत रक्ताची ‘एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता’ वाढली, असे सांगणारा कोणताही अभ्यास वाचताना त्यात यूरिक आम्ल वेगळे मोजले होते का, हे आधी पाहावे. ते मोजलेले नसेल, तर त्या निष्कर्षाला मी तरी फारसे वजन देणार नाही.

ऑक्सिडीकरणाने शरीरात प्रत्यक्ष किती नुकसान होते हे पाहायचे असेल, तर त्या नुकसानीच्या खुणा मोजाव्या लागतात. मेदाम्लांवर मूलकांचा आघात झाल्यावर तयार होणारी आयसोप्रोस्टेन नावाची द्रव्ये आणि डीएनएच्या दुरुस्तीतून लघवीत येणारे तुकडे या त्यांतल्या विश्वासार्ह खुणा होत. निरोगी माणसाने एखादे फळ किंवा अर्क घेतल्यावर या खुणा नेमाने कमी होतात, असे चित्र दिसत नाही. काही प्रयोगांत घट दिसते, काहींत दिसत नाही.

प्रश्न : तसे असेल तर फळे-भाज्या खाऊन फायदा काय? डॉक्टर तर त्या भरपूर खा म्हणून सांगतात.

उत्तर : डॉक्टर सांगतात ते योग्यच आहे. फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात कमी आढळतात, हे निरनिराळ्या देशांतील दीर्घकालीन निरीक्षणांत पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्यांची शिफारस करते. वादाचा मुद्दा फायदा होतो की नाही हा नाही. तो कोणत्या वाटेने होतो, हा आहे. त्यातला मोठा वाटा तंतुमय पदार्थ, पोटॅशियम, फोलेट यांचा आणि फळे-भाज्यांमुळे ताटातून मागे पडणाऱ्या मीठ-साखर-मेदयुक्त पदार्थांचा असावा, असे मला वाटते. तरीही रंगद्रव्यांना अगदीच निकालात काढणे घाईचे ठरेल.

याचे कारण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात सापडते. त्यात एल्डरबेरीतही असणारे सायनिडिन-३-ग्लुकोसाइड हे अँथोसायनिन कृत्रिमरीत्या तयार केले होते आणि त्यातील पाच कार्बन अणू जड, म्हणजे ओळखता येतील असे घातले होते. आठ पुरुषांना त्याचा ५०० मिलिग्रॅमचा एक डोस देऊन पुढचे ४८ तास त्यांचे रक्त, लघवी, मल आणि उच्छ्वाससुद्धा तपासण्यात आला. खुणेचा सुमारे १२ टक्के कार्बन लघवी आणि श्वासावाटे बाहेर आला, म्हणजे निदान तेवढा तरी आतड्यांतून शोषला गेला होता. मूळ रंगद्रव्य मात्र रक्तात नाममात्र होते. त्याच्यापासून आतड्यांतील जिवाणूंनी आणि यकृताने बनवलेली लहान लहान आम्ले त्याच्या चाळीस पटींहून अधिक प्रमाणात होती आणि ती दीर्घकाळ टिकूनही होती. तेव्हा फळ खाल्ल्यावर आपल्या ऊतींपर्यंत जे पोचते ते फळातले जांभळे द्रव्य नसते, तर त्याची रंगहीन अपत्ये असतात. ही अपत्ये मूलकांशी थेट झुंजण्याइतकी विपुल नसली, तरी पेशींना संदेश देण्याइतकी पुरेशी असू शकतात. संदेश पोचवण्यासाठी थोडकेच रेणू पुरतात, हे संप्रेरकांवरून आपल्याला ठाऊकच आहे.

अशा संदेशाचा चांगला अभ्यासलेला नमुना ब्रोकोलीच्या कुळात मिळतो. ब्रोकोली चिरली किंवा चावली, की तिच्यात सल्फोराफेन तयार होते. हा रेणू स्वतः मूलक टिपत नाही. उलट तो पेशीला किंचित डिवचणारा आहे. पेशीत एनआरएफ-२ नावाचे प्रथिन एरवी अडवून ठेवलेले असते. सल्फोराफेनमुळे ते मोकळे होऊन केंद्रकात जाते आणि ग्लुटाथायोन बनवणाऱ्या व विषारी द्रव्ये निकामी करणाऱ्या एन्झाइमांची जनुके कामाला लावते. पेशीची स्वतःची संरक्षणव्यवस्था अशा रीतीने वाढते. तेव्हा या भाजीला अँटिऑक्सिडंट म्हणायचेच असेल, तर ते अशा आडवाटेने म्हणता येईल.

रक्तवाहिन्यांवरील परिणाम हा दुसरा भाग. ब्लूबेरीवरचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला सहा महिन्यांचा प्रयोग या विषयातल्या चांगल्या प्रयोगांपैकी एक आहे. चयापचयाचे विकार जडलेल्या प्रौढांनी रोज १५० ग्रॅम ब्लूबेरींइतके चूर्ण घेतल्यावर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता सुधारली. निम्म्या मात्रेने ती सुधारली नाही, आणि इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद कोणत्याच मात्रेने बदलला नाही. याउलट एल्डरबेरीपासून काढलेली ५०० मिलिग्रॅम अँथोसायनिने १२ आठवडे रोज घेऊनही ५२ निरोगी, रजोनिवृत्त स्त्रियांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल, दाहाच्या खुणा किंवा साखर यांत कोणताही फरक पडला नव्हता. हा अभ्यास २००९चा आहे. मुळात प्रकृती ठणठणीत असलेल्या व्यक्तीत सुधारायला जागाच थोडी असते, असे त्यावर म्हणता येईल आणि ते पटण्यासारखेही आहे; पण मग पाक विकणाऱ्यांनी तो निरोगी माणसांना विकू नये.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची भूमिका येथे सांगण्यासारखी आहे. ‘हा पदार्थ पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतो’ अशा अर्थाचे वनस्पतींविषयीचे दावे या संस्थेपुढे ढिगाने आले आणि बहुतेक सर्व फेटाळले गेले. ऑलिव्ह तेलातील पॉलिफिनॉल या वनस्पतिजन्य द्रव्यांचा दावा मात्र मान्य झाला, कारण रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणांचे ऑक्सिडीकरण कमी होते हे माणसांवरील प्रयोगांत दिसले होते. त्यासाठीही २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल हे पॉलिफिनॉल आणि त्याच्या संबंधित संयुगांचे प्रमाण किमान ५ मिलिग्रॅम असावे, अशी अट आहे.

प्रश्न : फळांतून थोडेच मिळत असेल, तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणे अधिक सोयीचे नाही का? माझे वडील धूम्रपान करतात. त्यांना बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजर-भोपळ्यात असणारे केशरी रंगद्रव्य, द्यावे असा आमचा विचार आहे.

उत्तर : कृपया देऊ नका. आपल्या पत्रातील सर्वांत निकडीची गोष्ट हीच असल्यामुळे प्रथम तीच लिहितो. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेकांना तो योगायोग वाटला. दोनच वर्षांनी अमेरिकेतील १८,३१४ व्यक्तींवरच्या चाचणीत, जीत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले कामगार होते, बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक दिसले आणि चाचणी मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. गाजर किंवा भोपळा खाण्याने असा धोका वाढलेला दिसत नाही. वडिलांचे धूम्रपान सुटावे यासाठी डॉक्टरांची मदत घेणे, हाच येथे खरा उपाय आहे.

मुक्तमूलकांना सरसकट शत्रू मानणे, हेच गोळ्यांमागच्या कल्पनेचे मूळ आहे. डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये वार्धक्याचे कारण म्हणून मुक्तमूलकांकडे बोट दाखवले, तेव्हापासून ही समजूत रुजत गेली. प्रत्यक्षात पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी मूलक स्वतःहून तयार करतात, आणि व्यायामाच्या वेळी स्नायूंत निर्माण होणारे मूलक हे शरीराला ‘जुळवून घे’ असे सांगणारे संकेतही असतात. जर्मनीतील २००९ सालच्या एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज १,००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले होते. गोळ्या न घेणाऱ्यांत व्यायामामुळे इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा झाली नाही.

याला एक अपवाद सांगितलाच पाहिजे. डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागाचा वयोमानानुसार होणारा ऱ्हास मध्यम टप्प्यावर असलेल्या रुग्णांत जीवनसत्त्वे व जस्त यांचे विशिष्ट मिश्रण तो पुढे सरकण्याचा वेग कमी करते, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. त्या मिश्रणातील बीटा-कॅरोटीन काढून त्याजागी ल्युटीन आणि झियाझँथिन ही वनस्पतींतील पिवळी रंगद्रव्ये घालण्यामागेही धूम्रपान करणाऱ्यांची काळजीच होती. हे मिश्रण नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्यावरच घ्यावे.

प्रश्न : एल्डरबेरीने फ्लू लवकर बरा होतो, हे तरी खरे आहे का?

उत्तर : याविषयीचा पुरावा दोन्हीकडे झुकतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील ६० रुग्णांवरच्या चाचणीत पाक घेणाऱ्यांची लक्षणे सरासरी चार दिवस आधी ओसरली. त्यानंतर अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकने अधिक काटेकोर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. त्यात प्रयोगशाळेत फ्लू निश्चित झालेल्या ८७ रुग्णांत पाकाने आजार कमी दिवसांचा झाल्याचे दिसले नाही. दोन्ही चाचण्या लहानच आहेत. पण दोघींतली निवड करायची झाली, तर माझा कल दुसऱ्या चाचणीकडे आहे. फ्लूची लस किंवा डॉक्टरांनी दिलेले विषाणुरोधक औषध यांची जागा हा पाक घेऊ शकत नाही. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांनी तो विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न : उष्णतेने अँटिऑक्सिडंट नष्ट होतात असे ऐकले. मग एल्डरबेरी कच्चीच खावी का?

उत्तर : मुळीच खाऊ नये. कच्च्या फळांत, बियांत आणि त्याहूनही अधिक पाने, देठ व फांद्यांत साम्बुनायग्रिनसारखी संयुगे असतात, जी पोटात गेल्यावर सायनाइड मुक्त करतात. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरे काउंटीच्या एका दुर्गम भागात जमलेल्या मंडळींनी रानातल्या एल्डरबेरी पानाफांद्यांसकट दाबून रस काढला आणि त्यात सफरचंदाचा रस, पाणी व साखर मिसळून दोन दिवसांनी तो पंचवीसएक जणांनी प्यायला. पंधरा मिनिटांतच काहींना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. आठ जणांना हवाईमार्गे रुग्णालयात न्यावे लागले. पाच पेले प्यायलेल्या एका व्यक्तीची शुद्ध हरपत चालली होती आणि तिला रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. पुढे सर्व जण बरे झाले.

म्हणून पूर्ण पिकलेली फळे घोसापासून एकेक करून सोडवावीत, हिरवी फळे आणि देठांचे तुकडे काढून टाकावेत, आणि मगच ती नीट उकळावीत. उकळल्याने अँथोसायनिनांचा काही भाग नष्ट होतो, हे खरे आहे, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. उष्णतेचा परिणाम सर्वच वनस्पतींत एकसारखा नसतो: क जीवनसत्त्व शिजवताना घटते, पण टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य थोड्या तेलात शिजवल्यावर कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक शोषले जाते, कारण शिजवताना पेशींच्या भिंती फुटतात आणि लायकोपीन मेदात विरघळणारे आहे. ब्रोकोली मात्र फार वेळ उकळू नये. सल्फोराफेन तयार करणारे एन्झाइम उष्णतेने निकामी होते, म्हणून ती चिरून थोडा वेळ तशीच ठेवावी आणि मग हलकी वाफवावी.